पत्रिकेतलं शेवटचं नाव

गुरुजींच्या हातातला माइक मी ओढून घेतला आणि ओरडले, "माझी नात पळवली! तिच्या बापानं पळवली! गेट लावा, गाड्या अडवा!" मांडवाच्या चार कोपऱ्यांना चार भोंगे होते. माझाच आवाज चारही बाजूंनी माझ्या अंगावर आला. माझा धाकटा मुलगा नितेश मुंडावळ्या बांधून अंतरपाटाच्या अलीकडे उभा होता, पलीकडे त्याची नवरी. मंगलाष्टकं मध्येच थांबली. लोकांच्या मुठीतल्या अक्षता मुठीतच राहिल्या. माझी मुलगी सुजाता करवली म्हणून भावाच्या मागं करा घेऊन उभी होती. तो करा तिच्या हातून सुटला आणि पाणी स्टेजच्या लाल कापडावर पसरत गेलं. तिच्या सात वर्षांच्या मुलीला, तन्वीला, मी दहा मिनिटांपूर्वी पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसवलं होतं. आता खुर्चीवर तिची मण्यांची पर्स होती आणि ती नव्हती. शेजारच्या बाईला विचारलं तर ती म्हणाली, "कुना मानसाचा हात धरून गेली. बाबा बाबा करत व्हती." एवढं मला पुरलं. मी पुढचं काही विचारलं नाही. माझं ऐकून भावकीतली वीस-पंचवीस पोरं खुर्च्या पाडत धावली, आणि जे व्हायचं ते झालं.

ही वही मी माझ्या वाढण्याची म्हणून लिहायला घेतली. माझं लहानपण मिठागरात गेलं, ते मागच्या पानांत लिहून झालं. हे प्रकरण माझ्या लहानपणाचं नाही, माझ्या नातीच्या लहानपणाचं आहे. पण ते माझ्या घरात झालं आणि त्यात मी जे केलं ते तिनं भोगलं, म्हणून ते मीच लिहिणं बरं. माझी शाळा चौथीपर्यंत. कायद्याचं मी लिहीन ते मला समजलं तेवढंच.

सुजाता पुण्याहून आली ती मे महिन्यात, ऐन दुपारी, दोन बॅगा आणि तन्वी घेऊन. पोरीच्या पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या. मी काही विचारलं नाही, ताटं घेतली. तांदळाची भाकरी, जवळ्याची चटणी आणि कैरीचं सार होतं. तन्वीनं नाक धरलं, "आजी, याला वास येतो." सुजाता जेवता जेवता म्हणाली, "आई, मी परत जाणार नाही." जावई विक्रांत तिकडे कंपनीत मोठ्या जागेवर. त्यानं हात उगारला असता तर मला समजलं असतं. त्याची तऱ्हा निराळी होती. तो सकाळी जाताना बाहेरून कुलूप लावायचा. संध्याकाळी आला की आधी हिचा फोन बघायचा, मग मुलीला बाजूला घेऊन विचारायचा, आज आईशी कोण बोललं, आई कोणाशी हसली. हे तीन वर्षं चाललं आणि तीन वर्षं माझी मुलगी मला फोनवर "सगळं बरंय" म्हणत होती. मला ते कळलं नाही, म्हणून मला त्याच्यापेक्षा माझाच राग जास्त आला.

जूनमध्ये तन्वीला पनवेलच्या शाळेत घातलं. सुजाताला कळंबोलीत एका लॅबमध्ये नोकरी लागली, रक्त काढायची. मला वाटलं, संपलं. मग पुण्याच्या कोर्टाचा कागद आला. मुलीचा ताबा मला द्या, असा त्याचा अर्ज होता. आमच्या वकीलबाई तरुण, चष्म्याच्या, स्पष्ट बोलणाऱ्या. त्यांनी सुजाताला विचारलं, "निघताना त्यांना सांगितलं होतं?" सुजाता म्हणाली, "सांगितलं असतं तर निघता आलं असतं का?" "मला पटतंय," त्या म्हणाल्या. "पण नवरा सोडणं वेगळं आणि मुलीची शाळा, गाव बदलून तिला दुसरीकडं नेणं वेगळं. बापाला न सांगता, कोर्टाला न विचारता आणलीत. त्यांचा वकील हेच धरून बसणार." मी म्हटलं, "बाय, आयबरोबर आलेली हाय पोर. चोरून नाय आनली." त्या हसल्या नाहीत. "आजी, कोर्ट आई बघत नाही, बाप बघत नाही. मुलीचं भलं कुठं आहे ते बघतं. तुमचं घर आता कोर्टाच्या नजरेखाली आहे असं समजा."

निकाल लागेपर्यंत तन्वीनं आईकडे राहायचं असं ठरलं. दर रविवारी पाच वाजता बापाशी अर्धा तास व्हिडिओ कॉल. महिन्यातून एका शनिवारी पुण्याला कोर्टातल्या मुलांच्या खोलीत दोन तास भेट. शेवटी कोर्ट सांगणार होतं, पोरगी पनवेलला राहील की पुण्याला परत जाईल. म्हणजे आमच्या घरातलं पोर उद्या आमच्या घरात असेल की नाही, हे परक्या माणसाच्या हातात. "कोर्टाच्या नजरेखाली" हे शब्द मी धरून ठेवले आणि ठरवलं की कोर्टाच्या आधी माझी नजर पाहिजे.

नजर ठेवणं मला शिकवावं लागलं नाही. मिठागरात वाढलेलं माणूस आभाळावर विश्वास ठेवत नाही. पिकलेल्या मिठावर एक अवेळी ढग आला की महिन्याची मेहनत पाण्यात जाते. बांधाला खेकड्यानं बीळ पाडलं आहे का, हे माझा बाप रोज पायानं चाचपून बघायचा. सासरचं मिठागरही गेलं, खाडीकडचं गाव उठलं, त्या बदल्यात मिळालेल्या जागेवर सुकापूरला आमची तीन मजली बिल्डिंग उभी राहिली, पण माझी सवय गेली नाही. बिल्डिंगला लिफ्ट आहे. ती प्रत्येक मजल्यावर एका बाईच्या आवाजात दार बंद करायला सांगते. त्या वर्षी मी त्या आवाजावर माणसं ओळखायला शिकले. सुजाता असली की बाई एकदाच बोलायची. दुसऱ्या मजल्यावरची भाडेकरीण असली की तीनदा, कारण ती दार धरून गप्पा मारायची. चौथ्यांदा बोलली की मी उठून दाराच्या भिंगातून बघायची.

मी कोणाकोणावर संशय घेतला ते लिहिते, लपवण्यात अर्थ नाही. शाळेच्या व्हॅनवाल्यावर, कारण त्यानं एकदा विचारलं, "हिचे पप्पा काय करतात?" भाडेकरणीवर, कारण तिचं माहेर पुण्याचं. वकीलबाईंवरसुद्धा, दोनदा. आणि कापसाच्या अस्वलावर. ते अस्वल विक्रांतनं कोर्टातल्या भेटीत तन्वीला दिलं होतं, तपकिरी, तिच्याएवढं. माझ्या डोक्यात बसलं की याच्या पोटात ऐकायचं यंत्र आहे. ती शाळेत गेली तेव्हा मी विळीवर त्याची शिवण उसवली, सगळा कापूस परातीत काढला, बोटांनी पिंजून बघितला. काही नव्हतं. कापूस परत भरला आणि हाताला लागला तो पांढरा दोरा घेऊन शिवलं. तन्वीनं आल्या आल्या बघितलं. रडली नाही. त्या पांढऱ्या टाक्यांवरून बोट फिरवून म्हणाली, "आजी, ह्याचं ऑपरेशन झालं?" मी म्हटलं, "हो, पोटात दुखत होतं." ती म्हणाली, "काय निघालं?" मी म्हटलं, "काही नाही." त्यानंतर शाळेला जाताना ती अस्वल कपाटात ठेवून जाऊ लागली, दार लावून.

दिवाळीनंतर विक्रांतच्या वकिलानं आणखी एक कागद दिला. वकीलबाईंनी तो फोनवर वाचून दाखवला. मुलीला रोज सुकी मासळी खायला घालतात. व्हॅनमध्ये बारा मुलं कोंबतात. मुलीला खाली खेळायला सोडत नाहीत. आजी घराला बाहेरून कुलूप लावून जाते. यातलं एकही खोटं नव्हतं. कुलूप मी खरंच लावायची. सुजाता कामावर, नितेश कामावर, मला बाजारात जायचं झालं तर पोरीला आत ठेवून कुलूप, किल्ली कमरेला. सुजाताला हे त्या कागदातून कळलं. संध्याकाळी ती आली, चप्पलसुद्धा काढली नाही. "आई, मी एका कुलपातून निघून आले. तू माझ्या मुलीला दुसरं लावलंस?" मी म्हटलं, "त्याचं कुलूप आणि माझं कुलूप एक आहे का?" ती म्हणाली, "आतून सारखंच दिसतं." तरी मी कुलूप काढलं नाही. माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. घरातलं हे सगळं बाहेर सांगतंय कोण?

आमच्या घरात बाहेरचं माणूस म्हणून येणारी एकच होती, माझी नणंद. आम्ही वन्सं म्हणतो. रोडपालीला राहते. ती धवलारीण. आमच्या लग्नांत हळदीला धवलारणीनं गाऊन देवांना बोलवल्याशिवाय पुढचं काही होत नाही. आवाज असा की गल्लीच्या तोंडाला ऐकू यावा. तिचा मुलगा पुण्याला नोकरीला. मी जुळवणी केली. नितेशचं लग्न ठरलं होतं, ती हळदीचं बोलायला आली, चहा घेत होती, आणि मी विचारलं, "वन्सं, विक्रांतला घरातलं कोन सांगतंय?"

"मना काय म्हाईत? तुज्या घरान् कोन कोन हाय ते तू बघ."

"तुमचा पोऱ्या पुन्यालाच हाय."

"पुन्याला निम्मी दुनिया हाय. समद्यांना जाब इचारनार काय?"

"तुमी सोडून भायेरचा कोनी माज्या घरान् येत नाय."

तिनं कप बशीत ठेवला, अर्धा भरलेला. मला वाटलं ओरडेल. ओरडली नाही, तेच मला जास्त लागलं. "भायेरची," ती म्हणाली. "चालीस वर्सं झाली, तुज्या तिन्ही पोरांच्या पाचव्या मी पूजल्या. आज भायेरची झालू. बरा. नितेशच्या हलदीला दुसरी धवलारीन बघ." जाताना लिफ्टची बाई एकदाच बोलली.

ती गेली आणि मी स्वतःला शाबासकी दिली. बीळ सापडलं, असं वाटलं.

आता पत्रिकेचं. आमच्याकडे पत्रिका साधी नसते. देवांची नावं, मग गावची वडीलमंडळी, काका, मामा, आत्या, त्यांच्या सुना, आणि अगदी खाली घरातल्या लहान मुलांची ओळ. वर लिहिलेलं असतं, "आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!" आणि खाली चिमुकल्यांची नावं. ज्याचं नाव राहिलं त्याची आई वर्षभर बोलत नाही. छापखान्यात मी नितेशबरोबर गेले होते. माझ्या थोरल्या मुलीच्या दोन मुलांची नावं आडनावासकट आली. तन्वीपाशी मी अडले. बापाचं आडनाव माझ्या दारच्या पत्रिकेत छापायचं नव्हतं, आणि आमचं छापलं तर त्याचा वकील धरेल, एवढी अक्कल मला होती. मी म्हटलं, "नुसतं तन्वी छाप." तिचं नाव सगळ्यात शेवटी आलं, एकटं.

पत्रिका घरी आल्या त्या दिवशी तन्वी जमिनीवर पालथी पडून एक पत्रिका वाचत होती. तिला नुकतं जोडाक्षर जमायला लागलं होतं. बोट ठेवून ठेवून ती खालच्या ओळीला पोचली. "आजी, माझं आडनाव कुठंय?"

"जागा नव्हती."

तिनं पत्रिका उजेडाकडे धरली. "आहे की जागा. एवढी."

"वाच पुढं."

"आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं." तिनं ती ओळ तीनदा वाचली. "म्हणजे हे मी बोलते आहे?"

"हो, तूच."

"मग मी कोणाला पण बोलवायचं?"

मी पत्रिकांना हळदकुंकू लावत होते, लक्ष अर्धं. "बोलव की," मी म्हटलं. "तुझं नाव आहे, तू बोलवायचंस."

त्यानंतरच्या रविवारी मी गच्चीवर होते. करंजा बंदरावरून आणलेला जवळा वाळत घातला होता आणि कावळे जमले होते. दर रविवारी पाचच्या कॉलला मी तन्वीच्या समोर बसायची, फोनच्या मागं, त्याला दिसणार नाही अशी. ती मान वर करून माझ्याकडे बघत बघत बापाशी बोलायची. त्या दिवशी सुजाता कामावर, कॉलची वेळ झाली, जवळा तसाच पडलेला. मी तिला फोन लावून दिला आणि बाहेरून कुलूप लावून गच्चीवर गेले. आत कोणी येऊ शकत नाही याची मला खात्री होती. बाहेर काय जाईल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. सूप हातात घेऊन मी पाऊण तास वर होते, ऊन उतरत होतं, हवेला मासळीचा चांगला वास आला होता, आणि मला फार दिवसांनी बरं वाटत होतं.

खाली पोरगी बापाला पत्रिका वाचून दाखवत होती. हे मला नंतर कळलं. मासळीचं, व्हॅनचं, कुलपाचंही तिनंच सांगितलं होतं. चाडी म्हणून नाही. बाप विचारतो, आज काय जेवलीस, कुठे खेळलीस, पोर सांगते. मी समोर असताना ती थोडं सांगायची, मी भाकरी टाकायला उठले की उरलेलं. एवढी पहारेकरीण मी, आणि पोर बोलतं हे विसरले.

लग्नाच्या दिवशी विक्रांत मांडवात आला तो बोलावल्यासारखा आला. नवा शर्ट, हातात रंगीत कागदात बांधलेला डबा. तन्वीनं त्याला लांबून बघितलं, खुर्चीवरून उतरली, त्याचा हात धरून जेवणाच्या मांडवात घेऊन गेली. पाहुण्याला आधी जेवायला बसवायचं हे ती आमच्याकडे शिकली होती. पाण्याच्या पिंपाजवळच्या शेवटच्या टेबलावर ती दोघं बसली होती. वाढप्यांनी अजून सुरुवात केली नव्हती, तर हिनं स्वतः जाऊन त्याच्यासाठी जिलबी मागून आणली होती. माझा आवाज भोंग्यातून आला तेव्हा तो घास हातात घेऊन उठला. पोरं पोचली ती तेवढ्यात. मी पोचले तेव्हा त्याच्या नव्या शर्टाची बाही निघाली होती, ओठ फुटला होता, दोघांनी त्याला मागून धरलं होतं आणि तिसरा मारत होता. आजूबाजूला दहाजण फोन वर धरून उभे. तन्वी टेबलावर चढली होती आणि ओरडत होती. भोंगा नव्हता, तरी तिचं सगळ्यांना ऐकू आलं. "सोडा! त्यांना मी बोलावलंय! माझं नाव आहे पत्रिकेत! आजी म्हणाली तू बोलवायचंस!"

पोरांनी माझ्याकडे बघितलं. हात खाली आले.

सुजाता धावत आली, तिनं तन्वीला टेबलावरून उतरवलं. मग तिनं पदर नाही, टेबलावरचा कागदी रुमाल विक्रांतच्या पुढं धरला. "तुम्ही यायला नको होतं," ती म्हणाली. तो म्हणाला, "तिनं बोलावलं. जेवून जाणार होतो." "मला विचारायचं होतं." तो म्हणाला, "तू निघताना मला विचारलंस?" तो लंगडत गाडीकडे गेला. नितेशचा एक मित्र त्याच्या मागं गेला होता, तो परत येऊन मला म्हणाला, "मावशी, गाडीत मागच्या सीटवर लहान मुलीची नवी बॅग आहे, उघडीच. दोन फ्रॉक, टूथब्रश." पुढं विक्रांतनं सांगितलं की ते तन्वीसाठी आणलेलं होतं, द्यायचं राहिलं. असेल. फ्रॉक द्यायला आणतात. टूथब्रश कोणी भेट देतं का? मी आजही त्या टूथब्रशाचा विचार करते, आणि आजही मला उत्तर सापडलेलं नाही.

लग्न लागलं, मुहूर्त टळून गेल्यावर. गुरुजींनी घाईनं उरकलं. माझी सून अजून पाहुण्यांत टोमणा मारते, "आमचं लग्न दोन हप्त्यांत लागलं, मध्ये सासूबाईंचं भाषण होतं." आता हसायला येतं. त्या दिवशी ती मुलगी अंतरपाटामागं हार हातात घेऊन ताटकळत उभी होती.

फोनमधले व्हिडिओ कोर्टात पोचले. त्यात मार दिसत होता आणि माझा आवाज ऐकू येत होता. पत्रिकाही पोचली. त्याचा वकील म्हणाला, मुलीचं आडनाव काढून टाकलं, यावरून समजा. जजबाई माझ्याहून आठ-दहा वर्षांनी लहान असाव्यात, तरी केस पांढरे, आवाज बारीक. त्यांनी मला समोर बोलावलं.

"मांडवात माइक तुम्ही घेतला?"

"होय."

"मुलगी तेव्हा कुठं होती?"

"जेवायला बसली होती."

"कोणाबरोबर?"

"बापाबरोबर."

"मग तिला पळवलं कोणी?"

टूथब्रशाचं सांगावं असं जिभेवर आलं होतं, पण वकीलबाईंनी माझ्याकडे बघून मान हलवली. जजबाईंनी विक्रांतलाही सोडलं नाही. भेट कोर्टात ठरलेली असताना मांडवात का गेलात, आणि बायकोला तीन वर्षं कुलपात का ठेवलंत, हे त्यांनी त्याच बारीक आवाजात विचारलं. मग त्यांनी तन्वीला आपल्या खोलीत नेलं, एकटीला. ती अस्वल घेऊन गेली. अर्धा तास दार बंद होतं. बाकावर एका टोकाला विक्रांत, दुसऱ्या टोकाला आम्ही. तो अर्धा तास मला मिठागरातल्या कुठल्याही ढगापेक्षा लांब वाटला. पोरगी बाहेर आली तेव्हा तिनं कोणाकडेच बघितलं नाही, वॉटरबॅगचं झाकण उघडून पाणी प्यायली. आत काय बोलली ते मी एकदाच विचारलं. म्हणाली, "ते माझं आणि मॅडमचं आहे." आता ती आठवीत आहे, माझ्यापेक्षा उंच झाली, अजूनही सांगत नाही.

निकाल इंग्रजीत होता. वकीलबाईंनी जिन्यात उभं राहून मराठीत सांगितला. बापाला न विचारता मुलीला दुसऱ्या गावी आणलं ही आईची चूक. पण आईची नोकरी तिथं, मुलीची शाळा तिथं, तिथं ती रुळली आहे, म्हणून ती पनवेललाच आईकडे राहील. बाप दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी येऊन तिला नेईल, रविवारी संध्याकाळी आणून सोडेल. सुट्टी अर्धी अर्धी. सुजाता भिंतीला टेकली, डोळे मिटून घेतले तिनं. मी म्हटलं, "जिंकलो ना मग?" वकीलबाई म्हणाल्या, "आजी, अजून एक ओळ आहे." त्यांनी ती आधी मनात वाचली. मुलीला नेताना आणि आणताना आजीनं तिथं हजर राहायचं नाही.

मी त्यांना पुन्हा वाचायला लावलं. तेच होतं.

बाप न्यायला येणार त्या पहिल्याच शनिवारी मी सकाळीच निघाले. कुठं जायचं ठरलेलं नव्हतं. पाय रोडपालीला वळले. वन्संनी दार उघडलं, मला बघितलं आणि दारातच उभी राहिली. मी म्हटलं, "चूक झाली. पोरच सांगत होती." ती म्हणाली, "मना ठाव होता." "मग बोललात का नाय?" "तू इचारलास कुठं? तू ठरवून आलेलीस." मग आत गेली आणि चहा टाकला. माझा कप तिनं अर्धाच भरला आणि माझ्याकडे बघत राहिली. मी तो पिऊन टाकला. मग तिनं उरलेला ओतला.

तेव्हापासून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी मी घरी नसते. कधी रोडपालीला, कधी करंजाला जवळा आणायला. घराला बाहेरून कुलूप नसतं. रविवारी परत आले की तन्वीच्या बॅगेत मी हात घालत नाही. घालावासा वाटतो. अस्वल तिच्या पलंगावर असतं, पोटावर माझे पांढरे टाके.

यातून आम्ही चौघं गेलो. तन्वी तेव्हा सात वर्षांची होती, सुजाता बत्तीसची, मी अडुसष्टची. विक्रांतचं वय मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही. पण तोही होता.